केडीव्ही समीकरण हाताने सोडवताना: नवशिक्यांसाठी हिरोता पद्धत

गोव्यात गणित किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना नॉनलिनियर तरंग समीकरणांशी पहिली गाठ बहुधा प्रोजेक्टच्या वेळी पडते. विषय मिळतो 'केडीव्ही समीकरणाची अचूक उत्तरं' आणि शोधायला बसलं की शेकडो शोधनिबंध समोर येतात, प्रत्येकाची पद्धत निराळी. अशा वेळी सगळं थोडं थोडं चाळण्यापेक्षा एकच समीकरण घ्या, एकच पद्धत घ्या आणि ती पेन्सिलीने शेवटपर्यंत न्या. जे उत्तर येईल ते दर टप्प्यावर मूळ समीकरणात परत घालून बघा. या विषयात होणाऱ्या बहुतेक चुका या एका सवयीने पकडल्या जातात.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८३४ साली एडिंबरोजवळच्या कालव्यात जॉन स्कॉट रसेल यांनी आकार न बदलता पुढे जाणारी एकटी लाट पाहिली. १८९५ मध्ये कोर्टवेग आणि दे व्रीस यांनी तिचं समीकरण दिलं; त्यांच्या नावांवरून ते केडीव्ही. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांना संगणकावर दिसलं की अशा दोन लाटा एकमेकींतून जाऊनही शाबूत राहतात. त्यांनी या लाटांना 'सॉलिटॉन' हे नाव दिलं. १९६७ मध्ये गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी इन्व्हर्स स्कॅटरिंगची (सुरुवातीच्या लाटेवरून पुढचं सगळं काढायची) पद्धत काढली आणि १९७१ मध्ये रयोगो हिरोता यांनी बरीच सोपी वाट दाखवली. आपण त्या वाटेने जाऊ. समुद्रशास्त्राकडे वळायचा विचार असेल, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था डोळ्यांसमोर असेल, तरी हे गणित वाया जात नाही: अंदमान समुद्राच्या पोटातल्या अंतर्गत लाटांना केडीव्हीचं वर्णन लागू पडतं, हे ऑस्बोर्न आणि बर्च यांनी १९८० मध्ये दाखवलं आहे.

आधी अक्षरं आणि चिन्हं

पाण्याची उचल 'उ', अंतर 'क्ष', वेळ 'ट'. उ_क्ष म्हणजे उ चा क्ष च्या संदर्भातला पहिला डेरिव्हेटिव्ह, उ_२क्ष दुसरा, उ_३क्ष तिसरा. 'ई' म्हणजे २.७१८२८... हा स्थिरांक आणि 'लॉग' म्हणजे त्याच्याच पायाचा लॉगरिदम. समीकरण असं:

उ_ट + ६ उ उ_क्ष + उ_३क्ष = ०

हा ६ कुठून आला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. तो सोयीसाठी आहे. उ ला एखाद्या स्थिरांकाने गुणलं की मधला सहगुणक हवा तसा बदलता येतो. कुठे तो ६ असतो, कुठे १, कुठे उणे ६. म्हणून एका पुस्तकातलं उत्तर दुसऱ्या पुस्तकातल्या समीकरणात थेट घातलं तर ते बसत नाही. वहीच्या पहिल्याच पानावर आपलं समीकरण चौकटीत लिहून ठेवा आणि बाहेरून घेतलेलं प्रत्येक सूत्र आधी त्या रूपात आणा. उणे ६ असेल तर उ चं चिन्ह उलटवायचं. ६ च्या जागी १ असेल तर तिथलं उत्तर ६ ने भागायचं.

पायरी १: एकटी लाट

लाट आकार न बदलता 'ग' या गतीने सरकते असं धरा. म्हणजे उ हे फक्त स = क्ष − ग ट यावर अवलंबून. मग आंशिक डेरिव्हेटिव्ह संपतात आणि साधं समीकरण उरतं. ते एकदा इंटिग्रेट केलं की

उ″ + ३ उ² − ग उ = स्थिरांक

मिळतं. याला उ′ ने गुणून पुन्हा इंटिग्रेट करा. लाटेच्या दोन्ही बाजूंना दूरवर पाणी सपाट आहे, म्हणजे तिथे उ, उ′ आणि उ″ तिन्ही शून्य आहेत असं धरलं तर दोन्ही स्थिरांक शून्य होतात आणि उरतं:

(उ′)² = उ² (ग − २ उ)

याचं उत्तर आहे उ = (ग/२) सेच²(√ग स / २). सेच म्हणजे हायपरबोलिक सेकंट. ग = ४ घेतला तर उ = २ सेच²(क्ष − ४ट). माथ्याची उंची २, गती ४. लगेच तपासा: माथ्यावर सेच² चा विस्तार १ − स² असा सुरू होतो, म्हणून तिथे उ″ = −४. समीकरणात घाला: −४ + ३×४ − ४×२ = ०. बसलं.

दूरवर पाणी सपाट आहे ही अट लावल्यामुळेच स्थिरांक शून्य झाले, हे विसरू नका. अट काढली तर तेच समीकरण नॉइडल लाटा देतं. त्या जाकोबीच्या एलिप्टिक फलनांत लिहितात आणि एकामागून एक येत राहतात. दोन्ही स्थिरांक न सांगता गाळणं ही प्रोजेक्टमध्ये सर्रास दिसणारी चूक आहे, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

पायरी २: हिरोतांचं रूपांतर

दोन लाटांची टक्कर वरच्या वाटेने सापडत नाही, कारण दोन गती असताना एकच 'स' पुरत नाही. हिरोतांनी अज्ञातच बदललं:

उ = २ (लॉग फ)_२क्ष

हे घातल्यावर समीकरण एकदा इंटिग्रेट करून फ² ने गुणलं की:

फ फ_क्षट − फ_क्ष फ_ट + फ फ_४क्ष − ४ फ_क्ष फ_३क्ष + ३ (फ_२क्ष)² = ०

ही आकडेमोड स्वतः करा. दीड-दोन पानं जातील. प्रत्येक पदात फ बरोबर दोनदा येतो, म्हणून हे द्विरेषीय रूप. सहगुणक १, −४, ३ बघा. चौथ्या घाताच्या द्विपद विस्तारातले १, −४, ६, −४, १ इथे दुमडून आले आहेत. दोन्ही टोकांचे १ एकाच प्रकारच्या पदाचे, दोन्ही −४ ही तसेच, म्हणून निम्मं करून १, −४, ३ उरतं. तुमच्या उत्तरात हे आकडे नसतील तर चूक इंटिग्रेट करण्याच्या आधीच्या ओळीत शोधा.

आणखी एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडते. फ ला ई^(प क्ष + ब) ने गुणलं, आणि प व ब हे दोन्ही क्ष वर अवलंबून नसले, तर उ बदलत नाही. लॉग घेतल्यावर तो भाग क्ष मध्ये सरळ रेषेचा होतो आणि दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला गळून जातो.

पायरी ३: एक सॉलिटॉन, मग दोन

फ = १ + ई^थ घ्या, थ = म क्ष − म³ ट + द. इथे 'म' लाटेचा अरुंदपणा ठरवतो आणि 'द' तिची सुरुवातीची जागा. घनाचा संबंध आपण लादलेला नाही. फ_क्षट + फ_४क्ष या रेषीय भागातून तो आपोआप येतो. उत्तर मिळतं उ = (म²/२) सेच²(थ/२), गती म². म = २ घातला की पायरी १ मधलीच लाट परत येते. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

दोन लाटांसाठी:

फ = १ + ई^थ१ + ई^थ२ + अ ई^(थ१ + थ२)

अ = ((म१ − म२)/(म१ + म२))²

हा 'अ' पाठ करू नका, काढा. द्विरेषीय समीकरणात ई^(थ१ + थ२) ची सगळी पदं गोळा केली की एका बाजूला −३ म१ म२ (म१ − म२)² येतं आणि दुसऱ्या बाजूला अ च्या शेजारी ३ म१ म२ (म१ + म२)². त्यांची बेरीज शून्य व्हायला हवी. इथे चिन्ह चुकून अ ऋण आला तर काही जागी फ शून्य होतो आणि लाट अनंत उंच होते. आलेखात अचानक सुळका दिसला तर पहिला संशय अ च्या चिन्हावर घ्या.

आता आकडे. म१ = २, म२ = १. उंची २ आणि ०.५, गती ४ आणि १, अ = १/९. टक्कर नेमकी ट = ० ला क्ष = ० पाशी व्हावी म्हणून दोन्हींचा 'द' लॉग ३ घ्या. म्हणजे ई^द = ३. ट = ० ला

फ = १ + ३ ई^क्ष + ३ ई^(२क्ष) + ई^(३क्ष) = (१ + ई^क्ष)³

शेवटचा सहगुणक ३×३/९ = १. पूर्ण घन झाला! मग उ = ६ (लॉग(१ + ई^क्ष))_२क्ष = १.५ सेच²(क्ष/२). टकरीच्या क्षणी एकच माथा दिसतो आणि त्याची उंची १.५. दोघींची बेरीज २.५ नाही, उंच लाटेची २ सुद्धा नाही. नॉनलिनियर म्हणजे काय, हे या एका आकड्याइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं. गतींचं गुणोत्तर ३ पेक्षा जास्त असताना माथे असे एकत्र मिसळतात. ते २.६१८ पेक्षा कमी असेल तर दोन माथे कधीच एक होत नाहीत. मागची लाट पुढचीला उंची देऊन टाकते.

टकरीनंतर दोघी मूळ आकारात परत येतात, पण जागा सरकलेली असते. वेगवान लाट (लॉग ९)/२, म्हणजे सुमारे १.१० पुढे जाते; मंद लाट लॉग ९, म्हणजे सुमारे २.२० मागे पडते. हे काढायची रीत सोपी आहे. एका लाटेबरोबर आपण चाललोय असं समजा आणि दुसरीचा थ एकदा उणे अनंताकडे, एकदा अधिक अनंताकडे न्या. फ मध्ये प्रत्येक वेळी दोनच पदं महत्त्वाची उरतात आणि त्यांवरून माथ्याची जागा वाचता येते.

तपासणी: कागदावर आणि संगणकावर

कागदावरची सर्वांत चांगली कसोटी म्हणजे न बदलणाऱ्या राशी. उ खालचं क्षेत्रफळ प्रत्येक सॉलिटॉनसाठी २म असतं; आपल्या दोघींचं ४ + २ = ६. टकरीच्या क्षणी १.५ सेच²(क्ष/२) खालचं क्षेत्रफळ १.५×४ = ६. उ² चं इंटिग्रल एकेकीचं ५.३३ आणि ०.६७, बेरीज ६. टकरीच्या क्षणी २.२५×(४/३)×२ = ६. दोन्ही जुळतात. यातली एक जरी जुळली नाही तरी सूत्रात चूक आहे.

संगणकासाठी मॅक्सिमा किंवा पायथनचं सिम्पाय पुरेसं आहे, दोन्ही फुकट मिळतात. उ घालून पूर्ण समीकरण 'सिम्प्लिफाय' करायला लावू नका, दोन सॉलिटॉनसाठीच ते तासन्‌तास अडकू शकतं. त्याऐवजी द्विरेषीय रूपात फ घाला. तिथे फक्त घातांकी पदांचे गुणाकार असतात, विस्तार केला की शून्य लगेच दिसतं. जोडीला दोन-चार बिंदूंवर पन्नास अंकांच्या अचूकतेने मूळ समीकरणाची किंमत काढा.

साध्या दशांश आकड्यांत ई^थ काढताना थ ७०९ च्या पुढे गेला की आकडा ओसंडतो आणि आलेखात भोकं पडतात. इथे मघाची युक्ती वापरा: सगळ्या घातांकांतला सर्वांत मोठा बाहेर काढा. तो क्ष मध्ये रेषीय असल्यामुळे उ ला धक्का लागत नाही.

समीकरण थेट संख्यात्मक पद्धतीने चालवून उत्तराशी ताडायचं असेल तर तिसऱ्या डेरिव्हेटिव्हची किंमत मोजावी लागते. झाबुस्की-क्रुस्कल यांच्या पद्धतीत बिंदूंमधलं अंतर ०.१ असेल तर वेळेची पायरी साधारण ०.०००४ च्या आत ठेवावी लागते. अंतर निम्मं केलं की वेळेची पायरी आठपट बारीक. थोडा वेळ बरं चालून मग आलेख दातेरी होऊन फुटला, तर बहुधा ही मर्यादा ओलांडलेली असते.

खऱ्या पाण्यात

कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडतो. तसा एखादा सरळ कालवा, सगळीकडे सारखी ४ मीटर खोली आणि स्थिर पाणी अशी कल्पना करा. लांब लाटेची मूळ गती √(९.८१×४), म्हणजे सेकंदाला ६.२६ मीटर. उंची ख, खोली ह असेल तर एकट्या लाटेची गती त्याच्या (१ + ख/२ह) पट, आणि आकार ख सेच²(√(३ख/४ह³) × अंतर). ४० सेंटिमीटर उंचीच्या लाटेची गती ६.५८ मीटर, अर्ध्या उंचीवर तिची रुंदी जवळपास २६ मीटर. ८० सेंटिमीटरची लाट ६.८९ मीटर गतीची आणि रुंदी सुमारे १८ मीटर. उंच लाट वेगवान आणि अरुंद, हे इथे मीटरमध्ये दिसतं.

आता उंच लाट १०० मीटर मागे ठेवा. गतींतला फरक सेकंदाला ०.३१ मीटर, म्हणजे तिला गाठायला पाच मिनिटांहून जास्त वेळ आणि २ किलोमीटरहून जास्त अंतर लागेल. इतक्या अंतरात नदीचा तळ वरखाली होतो, काठ तिरपे असतात, भरती-ओहोटीचा प्रवाह असतो, घर्षण असतं. केडीव्हीत यातलं काहीच नाही. शिवाय ते एकाच दिशेने जाणाऱ्या, उथळ आणि खोलीच्या मानाने बुटक्या लाटांसाठी आहे. उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पटीला पोचते तिथे लाट फुटते, पण समीकरण त्याच्या पुढेही निमूटपणे उत्तर देत राहतं. प्रोजेक्टमध्ये मोजलेल्या लाटेशी तुलना करणार असाल तर या मर्यादा आकड्यांसह लिहा.

'नवीन' उत्तरांपासून सावध

टँच (हायपरबोलिक टँजंट) पद्धत, एक्स्प-फंक्शन (घातांकी फलनांची) पद्धत अशा बऱ्याच तयार कृती मिळतात. त्यांत एक ठराविक आकार धरून सहगुणक काढायचे असतात. शिकायला त्या वाईट नाहीत, पण त्यांतून निघणाऱ्या दहा-वीस 'नवीन' उत्तरांपैकी बहुतेक एकच असतं. टँच² = १ − सेच², म्हणजे टँच मधलं उत्तर हे तेच सेच² वेगळ्या कपड्यांत. कॉथ (म्हणजे १/टँच) मधली उत्तरं फ = १ − ई^थ पासून येतात; ती समीकरणात बसतात, पण एका बिंदूवर अनंत होतात, म्हणून पाण्याच्या लाटेसाठी निरुपयोगी. निकोलाय कुद्र्याशोव यांनी २००९ मध्ये अशा नेहमीच्या चुकांची यादीच छापली आहे. उत्तर नवीन म्हणण्याआधी त्याचा आलेख जुन्यावर ठेवून, स्थिरांक हलवून, दोन्ही एकच तर नाहीत ना ते बघा.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. दोन सॉलिटॉनचं उत्तर मिळालं म्हणून समीकरण इंटिग्रेबल, म्हणजे कितीही सॉलिटॉनची अचूक उत्तरं देणारं, ठरत नाही. या प्रकारच्या द्विरेषीय समीकरणांना दोन सॉलिटॉन जवळपास फुकटच मिळतात, कारण तिथे 'अ' हा एक मोकळा स्थिरांक हाताशी असतो. तीन सॉलिटॉनच्या वेळी नवा मोकळा स्थिरांक उरत नाही आणि खरी परीक्षा तिथे होते. पॅनलेव्हे चाचणीही करून बघावी; उत्तर जिथे अनंत होतं त्या जागेजवळ ते कसं वागतं, हे ती तपासते. केडीव्हीत तिचे अनुनाद, म्हणजे तिथल्या विस्तारात मोकळे स्थिरांक येण्याच्या जागा, −१, ४ आणि ६ ला येतात.

सुरुवातीची लाट दिलेली असेल तर

हिरोता पद्धत सॉलिटॉन देते, पण ट = ० ला मनाजोगा आकार दिला तर पुढे काय होईल हे तिच्यातून थेट कळत नाही. त्यासाठी इन्व्हर्स स्कॅटरिंग. उ ला श्रोडिंगर समीकरणातली विहीर समजायचं. तिच्यातल्या प्रत्येक बद्ध (विहिरीत अडकून राहणाऱ्या) अवस्थेमागे एक सॉलिटॉन. २ सेच²(क्ष) मधून एक निघतो, ६ सेच²(क्ष) मधून दोन, उंची ८ आणि २. मधलंच काही दिलं, समजा ४ सेच²(क्ष), तरी दोनच सॉलिटॉन निघतात, उंची सुमारे ४.८८ आणि ०.६३. त्यांचं क्षेत्रफळ मिळून ८.४९ होतं, मूळ लाटेचं मात्र ८. उरलेला −०.४९ मागे राहणाऱ्या बारीक तरंगांच्या शेपटीत असतो. ही शेपटी हिरोतांच्या सूत्रात कधीच येत नाही. संख्यात्मक आलेखात दिसली की तिला चूक समजून पुसू नका.

पुढचा सराव

तीन सॉलिटॉन: म = १, २, ३. जोड्यांचे सहगुणक अ१२ = १/९, अ१३ = १/४, अ२३ = १/२५, आणि तिन्ही एकत्र असलेल्या पदाचा सहगुणक त्यांचा गुणाकार, १/९००. सुरुवातीचे ई^द अनुक्रमे ६, १५, १० घ्या आणि ट = ० ला फ ची आठही पदं लिहा. ई^(३क्ष) दोनदा येईल, एकदा तिसऱ्या लाटेतून आणि एकदा पहिल्या दोघींच्या जोडीतून: १० + १० = २०. सगळं मिळून १, ६, १५, २०, १५, ६, १ यायला हवं, म्हणजे (१ + ई^क्ष)⁶, आणि लाट ३ सेच²(क्ष/२). २० च्या जागी १० येत असेल तर जोडीचं पद सुटलं आहे.